नसेल तर?

“‘असेल तर’ लिहिलंस, ऋतुजा. ‘नसेल तर’ कुठंय?”

शिरगुप्पे सरांनी हे विचारलं तेव्हा ऋतुजाचं निम्मं लक्ष घड्याळात होतं आणि निम्मं पोटात लाथा झाडणाऱ्या बाळाकडे. बाळंतपणाच्या रजेआधीचा तो शेवटचा शुक्रवार. सर चष्मा कपाळावर चढवून तिच्या खुर्चीमागे उभे होते. तेही लवकरच निवृत्त होणार होते. ऑफिसात त्यांची ख्याती अशी, की ते कोड वाचत नाहीत, तांदळासारखं निवडतात, आणि खडा सापडल्याशिवाय उठत नाहीत.

ऋतुजा म्हणाली होती, की सर, नाव नाही असा माणूस आपल्याकडे येणारच कुठून? नोंदणीच्या वेळी यंत्र नाव विचारतंच की. त्यावर सर एवढंच म्हणाले, की विचारतं खरं, पण विचारलं म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे. ती हसली, “आल्यावर बघते सर,” म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

पुढे जुई झाली. जुईच्या पाठोपाठ जागरणं आली, दुपट्यांचे ढीग आले, आणि ‘आल्यावर बघते’ हे वाक्य त्या ढिगाखाली कुठं गेलं ते कळलं नाही. ऋतुजा कामावर परतली तोवर तिच्या कंपनीची ‘पाठराखीण’ तीन जिल्ह्यांत घरोघरी पोचली होती.

नाव कुणी दिलं कोण जाणे, पण चपखल होतं. नव्या नवरीच्या सोबतीला पूर्वी सासरी पाठराखीण जायची. ही पाठराखीण म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर बसायची. त्वचेला चिकटणारी एक पातळ पट्टी, बस्स. हृदयाची लय बिघडून माणूस कोसळतो ना, त्याच्या बराच आधी शरीर कुजबुजायला लागतं. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित थरथरतं, घामातलं मीठ बदलतं, चालताना तोल जरासा उशिरा सावरतो. एकेकटं पाहिलं तर यातलं काहीच डॉक्टरच्या नजरेत भरणार नाही. पण तिन्ही एकत्र घेतली आणि त्या माणसाच्या स्वतःच्या रोजच्या चालीशी ताडून पाहिली, तर पडण्याआधी तासभर तरी अंदाज येतो. एवढा वेळ पुष्कळ झाला. दर वेळी अॅम्ब्युलन्स धाडायची गरज नसते. गरज असते ती एका माणसाची, जो येऊन म्हणेल, बस जरा, आडवी हो, गोळी घेतलीस का? म्हणून पट्टीच्या जोडीला एक कडं मिळायचं. ते जवळच्या माणसानं घालायचं. धोका दिसला की कडं थरथरायचं आणि स्पष्ट मराठीत सांगायचं, घरी जा.

ऋतुजाच्या शेवंता आत्याकडे ही जोडी तिनंच हट्टानं पाठवली होती. मूलबाळ नसलेल्या आत्यानं तिला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलेलं. गडहिंग्लजच्या पुढं, उसाच्या फडांमध्ये आत्याची वस्ती. आत्याच्या यजमानांना ऋतुजा मामा म्हणायची. त्या रविवारी ती जुईला घेऊन तिकडं गेली, कारण दात येत असल्यामुळे जुई कुणाकडेच राहत नव्हती, आणि आत्याच्या मांडीवर मात्र गूळ खाल्ल्यासारखी गप पडायची.

जेवताना आत्यानं सहज सांगितलं, की परवा गोठ्याम्होरं डोळ्यांपुढं अंधारी आली.

“कडब्याच्या पेंढीवर पडले म्हणून बरं. न्हाईतर तुझ्या मामाला या वयात भाकरी थापायला शिकावं लागलं असतं.”

मामा हसले. ऋतुजाच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं विचारलं, कड्यानं सांगितलं नाही का तुम्हाला? मामांनी मनगट कौतुकानं पुढं केलं. म्हणाले, कडं लई गुणाचं आहे, घातल्यापासून चकार शब्द बोललं नाही, म्हणजे घरात सगळं ब्येस.

तिनं हात धुतले आणि आपला फोन आत्याच्या पट्टीला टेकवला. त्या दिवसाची खूण तिथं होती. पट्टीनं धोका ओळखला होता, आत्या पडायच्या चांगला तासभर आधी. पुढं लिहिलं होतं, ‘निरोप पूर्ण’.

पूर्ण? मग तो गेला कुणाकडे?

“आत्या, नोंदणी करताना तुला त्या पट्टीनं काय विचारलं होतं? आठवून सांग.”

आत्याला चांगलं आठवत होतं. अशा गोष्टी तिला पाठच व्हायच्या. “ती बया म्हणाली, ‘तुमच्या जवळच्या माणसाचं नाव सांगा.’ म्हटलं, हायत की आमचे मालक. तिनं पुन्हा तेच इचारलं. म्हटलं, कारभारी हायत, दुसरं कोण असनार? पुन्हा तेच. मग मी गप बसले. तवा ती म्हणाली, ‘बरं.’ म्हटलं, शहाणी हाय. वळखलं तिनं.”

“नाव नाही सांगितलंस?”

“आगं, त्यांचं नाव कसं घिऊ?” आत्यानं पदराचं टोक तोंडाला लावलं.

मामांना तर चेवच आला. त्यांनी सांगितलं, की आमच्या नावाचा एक पाव्हणा गावात आहे, त्यालासुद्धा ही ‘ह्यांच्या नावाचे’ म्हणते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हिच्या तोंडून ‘केरबा’ ऐकायचं तर पंगतीतच बसावं लागतं.

ऋतुजा हसली नाही. जुईला आत्याच्या मांडीवर ठेवून ती ओसरीच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. तिला काय सापडणार ते तिला आधीच कळलं होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं.

पाठराखीण जावामध्ये लिहिलेली होती. नवनव्या भाषा येतात आणि जातात, जावा काही म्हातारी होत नाही. पण तिची एक शिस्त आहे. काही भाषांमध्ये मेथडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एखाद्या कामाला, लागणारी माहिती सांगताना शेजारीच लिहिता येतं, की हे कुणी न सांगितल्यास अमुक धर. जावात ती सोय नाही. मग लोक काय करतात, एकाच नावाच्या दोन मेथड लिहितात, एक लांब आणि एक आखूड. टपरीवर आपण ‘एक चहा’ म्हणतो, ती झाली आखूड. साखर किती ते आपण बोललो नाही, म्हणून चहावाला नेहमीची घालतो. सोयीचंच आहे ते. फक्त गिऱ्हाईक मधुमेही असेल तर त्यानं तोंड उघडायला हवं.

ऋतुजाच्या मेथडचं नाव होतं ‘कळव’. लांब ‘कळव’ला तीन गोष्टी लागायच्या, कुणाबद्दल, काय झालं आणि कुणाला कळवायचं. आखूड ‘कळव’ला पहिल्या दोनच. तिसरीच्या जागी ती स्वतःच एक रिकामी डबी ठेवायची आणि लांब ‘कळव’ला हाक मारायची. या डबीला जावात ऑप्शनल म्हणतात. आत काही असेल किंवा नसेल, असं वरूनच सांगणारी डबी. लांब ‘कळव’ डबी उघडायची. आत माणूस असेल तर त्याला निरोप द्यायची. मग पुढच्या ओळीवर लिहायची, निरोप पूर्ण.

आणि नसेल तर? तर पहिली ओळ गुपचूप ओलांडली जायची आणि दुसरी इमानेइतबारे चालायची. ना चूक दिसायची, ना लाल अक्षरं, ना कुठं घंटा वाजायची. जुन्या पद्धतीनं डबीऐवजी नुसता नल असता, म्हणजे काहीच नसतं, तर प्रोग्रॅम निदान आपटला तरी असता. आपटणारा प्रोग्रॅम ओरडतो. रिकामी डबी ओरडत नाही.

‘मालक’, ‘कारभारी’, ‘धनी’, ‘आमचे हे’ यातलं एकही यंत्राच्या लेखी नाव नव्हतं. तीनदा विचारून नाव मिळालं नाही, की माणसाला अवघडवायचं नाही म्हणून ‘बरं’ म्हणायचं, असं कुणीतरी सौजन्यानं ठरवलं होतं. त्या ‘बरं’च्या मागे आखूड ‘कळव’ उभी होती.

तिनं रिकाम्या डब्यांचा आकडा मागवला आणि तो बघून पटकन लॅपटॉप अर्धा मिटला, जणू जुईला दिसेल. हजारो होत्या. बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. त्यांचे नवरे शेजारच्या खोलीत, फडात, पारावर, हातात मुकं कडं घालून निर्धास्त.

“मामा, आधी तुम्ही दिवसातून घरी डोकावून जायचा ना?”

“जायचो की. पाणी पाजता पाजता दोन येळा चक्कर व्हायची. आता कशापायी? कडं सांगंल की.”

हे तिला कोडमध्ये दिसलं नसतं. पाठराखीण नव्हती तेव्हा मामा येऊन बघत होते. पाठराखीण आली आणि बघणं थांबलं.

तिनं तिथल्या तिथं मामांचं नाव घालायचा प्रयत्न केला. जमेना. जवळचा माणूस ठरवायचा हक्क पट्टी घालणाऱ्याचाच, आणि तोही त्याच्याच आवाजात, असा कायदा होता, आणि कायदा योग्यच होता. आत्याला खूप गळ घातली. आत्या म्हणाली, तू सांगशील तर विहिरीत उडी मारीन, पण मशिनीपुढं उघड्या तोंडानं नाव घेणार नाही. शेवटी ऋतुजानं मामांना पूर्वीसारखं घरी डोकावायला सांगितलं. कड्यावर विसंबू नका, हे तीनतीनदा बजावलं.

कोल्हापुरात परतल्यावर ती जयदीप हुक्केरीकडे गेली. हुक्केरी कंपनीचा प्रमुख, हुशार आणि बोलायला गोड. त्यानं सगळं नीट ऐकलं. म्हणाला, चूक आहे, मान्य आहे. पण पुढच्या आठवड्यात पाठराखीण राज्यभर जाणार, तेव्हा आत्ता बोभाटा नको. रिकाम्या डबीत गावच्या आरोग्यसेविकेचं, आशाताईंचं नाव टाक, विषय संपला.

“म्हणजे पुन्हा आपणच बोलायचं त्यांच्या वतीनं,” ऋतुजा म्हणाली. “एका आशाताईंच्या हातात पन्नास कडी घालणार का आपण? आणि त्या बाईला विचारलंय कुणी?”

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. आखूड ‘कळव’ मुळातूनच काढायची, आणि दुरुस्ती सगळीकडे पोचेपर्यंत लोकांना खरं काय ते सांगायचं. पहिलीला हुक्केरी कुरकुरत तयार झाला. दुसरीला साफ नाही म्हणाला. लोक घाबरतील, पट्ट्या काढून फेकतील, मग जे वाचतायत तेही वाचणार नाहीत.

ती जागेवर आली आणि आखूड मेथड खोडली. त्याबरोबर स्क्रीनभर लाल खुणा उमटल्या. जिथं जिथं कुणी ‘एक चहा’ म्हणून मोकळं झालं होतं, ती प्रत्येक जागा आता विचारत होती, साखर किती? ऋतुजाला त्या लालीनं हायसं वाटलं. बाळ रडतंय म्हणजे निदान श्वास चालू आहे, तसलं हायसं.

एकेक जागा निस्तरत असताना मध्येच ती उठून खालच्या पाळणाघरात गेली. जुई फोनवरच्या कॅमेऱ्यात दिसत होती, छान झोपलेली. तरी गेली, हात लावून आली.

नव्या आवृत्तीवर तिची मंजुरी लागणार होती, कारण ‘कळव’ची जबाबदारी तिच्या नावावर होती. तिनं हुक्केरीला कळवून टाकलं, लोकांना निरोप गेल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही. हुक्केरीनं बोलावून घेतलं. तो आवाज चढवत नसे. म्हणाला, जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या नावावर करायला मला किती वेळ लागेल? पृथ्वीराजचं काम कंत्राटी आहे ना? घरात लहान बाळ आहे, जरा विचार कर.

पृथ्वीराज म्हणजे तिचा नवरा. हे खरं होतं आणि तिला ते हुक्केरीपेक्षा जास्त माहीत होतं.

“करा दुसऱ्याच्या नावावर,” ती म्हणाली. “त्यालाही मी सगळ्यांसमोर विचारीन, नसेल तर काय?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मामांचा होता. मामा कधी ऑफिसच्या वेळात फोन करत नसत.  पहिलं वाक्य ऐकलं आणि तिनं आवाज मोठा केला आणि फोन हुक्केरीच्या टेबलावर ठेवला.

“...चुलीपाशी पडली व्हती. अंग गार. मी आडवी केली, पाय वर घेतले, गोळी दिली. आता बसलीया, मलाच शिव्या घालतीया, चुलीवरलं दूध उतू गेलं म्हणून. ऋतू, तुझं कडं काय बोललं न्हाई बघ. मीच गेलो व्हतो.”

 फोन बंद झाल्यावर हुक्केरीनं आपला फोन उचलला आणि निपाणीला आईला लावला. तिच्याही मनगटावर पट्टी होती, त्यानंच भेट दिलेली, वाढदिवसाला.

“आई, त्या पट्टीला तू बाबांचं नाव सांगितलं होतंस का?”

पलीकडून आधी हसू ऐकू आलं. मग एक शब्द, ऋतुजालाही स्पष्ट ऐकू आला, “इश्श.”

हुक्केरीनं फोन खाली ठेवला. “मजकूर तू लिही,” म्हणाला.

काम सोपं नव्हतं. मेथड दुरुस्त झाली, पण डब्या भरणार कशा? यंत्रानं पुन्हा ‘नाव सांगा’ म्हटलं तर पुन्हा ‘मालक’च येणार. ऋतुजाला शिरगुप्पे सरांची आठवण झाली. निवृत्तीनंतर ते मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहत होते. ती संध्याकाळी जुईला कडेवर घेऊन गेली.

सरांनी चहा केला, बिनसाखरेचा, आणि सगळं ऐकून घेतलं. ‘मी म्हणालो होतो’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. उलट मामांचा ‘पंगतीत बसावं लागतं’ हा शेरा त्यांना फार आवडला.

“मग पंगतीत बसव,” ते म्हणाले. “आपल्या बायका नाव सांगत नाहीत, ऋतुजा. त्या नाव घेतात. तुझ्या यंत्रानं क्रियापद चुकवलंय.”

ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. चहाचा कप पुढं करताना सरांची बाही वर सरकली होती. मनगटावर पट्टी होती. आणि मागे, रेडिओशेजारी, खोक्यात कडं. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“सर, तुम्ही कुणाचं नाव सांगितलंत?”

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुसायला लागले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा होता, पण तिकडं लांब, आणि कडं घालून तिथून तो काय करणार? यंत्रानं विचारलं, ते गप्प बसले.

“ते म्हणालं, ‘बरं’.”

त्या शुक्रवारी खुर्चीमागे उभा राहून हा माणूस नुसता कोडबद्दल बोलत होता, की स्वतःबद्दलही, तिला ठरवता येईना. तिनं खोकं उघडलं, प्लॅस्टिक फाडलं आणि कडं आपल्या हातात चढवलं. सर नको नको म्हणाले. तुला तान्हं बाळ आहे, त्यात माझं लोढणं कशाला? ऋतुजानं त्यांची पट्टी नोंदणीवर लावली आणि म्हणाली, बोला. माझं नाव तुम्ही सहज सांगू शकता, त्यात लाजायचं काही नाही.

सरांनी घसा साफ केला. “ऋतुजा मगदूम,” म्हणाले. कडं एकदा हलकेच थरथरलं. जुईनं लगेच ते तोंडात घातलं.

नवी पाठराखीण रांगेनं एकेका गावात उतरू लागली. आता ती ‘नाव सांगा’ म्हणत नाही. ती म्हणते, “तुमच्या जवळच्या माणसाचं नाव घ्या की.” आणि कुणीच नसेल तर तेही मोकळेपणानं सांगा, असं म्हणते. त्यावर ‘बरं’ म्हणून सोडून देत नाही, डबी रिकामी आहे असं ऑफिसला कळवते. आत्याकडे ती उतरली तेव्हा ऋतुजा मुद्दाम गेली होती. आत्यानं प्रश्न ऐकला, डोक्यावरचा पदर सारखा केला, जुईला मांडीवर नीट बसवलं आणि ठसक्यात म्हणाली,

“पाटाचं पाणी जातंय उसाच्या मुळाला,
केरबारावांचं नाव घेते, मांडीवर घेऊन बाळाला.”

मामांचं कडं थरथरलं. मामांनी डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाले. चूल तर पेटलेलीच नव्हती.

पण सगळ्या गावांत उतरायला वेळ लागणार. डोंगरापलीकडे रेंज नाही. आणि काही डब्या अशा आहेत, ज्या कुठल्याही उखाण्यानं भरणार नाहीत. म्हणून हुक्केरीनं सांगितलेला मजकूर ऋतुजानं मंजुरी देण्याआधीच लिहिला होता. ‘काही तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द त्यानं वर घातले होते, ते तिनं खोडले. निरोप तीन जिल्ह्यांतल्या प्रत्येक फोनवर गेला होता, पट्टी असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्याही. तो असा होता:

‘पाठराखीण ज्यांना नाव मिळालं नाही त्यांच्यासाठी कुणालाच निरोप देत नव्हती, आणि दिला म्हणून सांगत होती. ही चूक आमची. दुरुस्ती चालू आहे, ती तुमच्या गावात पोचायला वेळ लागेल. कडं गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. हे वाचत असाल तर एक काम करा. तुमच्या वस्तीवर, गल्लीत, वरच्या मजल्यावर एखादं दार असेल, जिथं बाहेर चपलांचा एकच जोड दिसतो. आतल्या माणसानं कदाचित तुमचं नाव घेतलं नसेल, तुम्हाला त्रास नको म्हणून. ते दार वाजवा. चहा मागा, वाटल्यास बिनसाखरेचा. आणि तुमच्या मनात आत्ता जर कुणी आलंच असेल, तर निरोपाची वाट बघू नका. उठा, आणि बघून या.’